दुकानाची पहिली पायरी : वाहनतळ
(सुवर्ण महोत्सवी समारंभातील व्याख्यान)



सुवर्ण महोत्सवाच्या व्यासपीठावरून वाहनतळासारख्या रुक्ष विषयावर व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेक कुटुंबांचा चरितार्थ व्यापारावर चालतो, आणि व्यापाराचा प्रारंभ ग्राहक दारात येण्यापासून होतो. जो ग्राहक गाडीतून उतरूच शकत नाही, त्याच्यासाठी दुकान उघडे असून बंदच असते. अपंग व्यक्ती, ज्यांना आज शासकीय भाषेत दिव्यांग म्हटले जाते, त्यांच्या बाबतीत हेच घडत असते. आणि ते दुष्टपणामुळे घडत नाही, तर अडीच-तीन फुटांच्या हिशेबाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे घडते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. ही नोंद केवळ कायमस्वरूपी अपंगत्वाची आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आजी, पक्षाघातातून सावरणारे आजोबा, पाय प्लास्टरमध्ये असलेला तरुण यांचा समावेश त्यात नाही. प्रत्येक घरात अशी एक तरी व्यक्ती केव्हा ना केव्हा असतेच. म्हणून हा विषय दूरच्या कोणाचा नाही.

कोल्हापूर या बाबतीत अनभिज्ञ शहर नाही. नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवर राहून १९८४ मध्ये याच शहरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. अपंग मुलांना निवारा, शिक्षण आणि रोजगार मिळवून देण्याचे कार्य या संस्थेने केले. त्याचा परिणाम असा की, ज्या व्यक्ती पूर्वी घराच्या कोपऱ्यात बसून राहत, त्या आता शिकतात, नोकरी करतात, पगार घेतात आणि साहजिकच खरेदीला बाहेर पडतात. अपंग माणूस म्हणजे देणगी घेणारा, ही समजूत जुनी झाली. तो आता खिशात पैसे घेऊन बाजारात येणारा ग्राहक आहे. प्रश्न इतकाच आहे की, बाजाराने त्याच्या येण्याची तयारी केली आहे काय?

या प्रश्नाचे मूळ समजण्यासाठी वाहनतळावर नेमके काय घडते ते पाहिले पाहिजे. धडधाकट मनुष्य मोटारीचे दार हातभर उघडून अंग चोरून बाहेर पडू शकतो. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यास तसे करता येत नाही. त्याला दार पूर्ण उघडावे लागते, खुर्ची दाराशी समांतर आणून लावावी लागते, हातांच्या बळावर आसनावरून खुर्चीवर सरकावे लागते आणि मग खुर्ची वळवून बाहेर काढावी लागते. या सर्व क्रियेसाठी मोटारीच्या बाजूला सुमारे १.२ मीटर मोकळी जागा लागते. म्हणूनच मोटारीच्या साधारण अडीच मीटर रुंदीच्या चौकटीऐवजी अपंगांसाठीची चौकट किमान ३.६ मीटर रुंद असावी, असा नियम केलेला आहे. कुबड्या किंवा कॅलिपर वापरणाऱ्या व्यक्तीलाही पाय सरळ ठेवून उतरावे लागते, त्यामुळे ही रुंदी तिच्याही उपयोगाची असते.

यातील एक अडचण सहसा लक्षात येत नाही. येताना शेजारची जागा रिकामी होती म्हणून अपंग ग्राहक कसाबसा उतरतो. तो खरेदी करून परत येतो, तेव्हा शेजारी दुसरी गाडी अगदी खेटून लावलेली असते. मग त्या अनोळखी मालकाची वाट पाहत उन्हात किंवा पावसात ताटकळत राहण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. असा अनुभव दोनदा आला की तिसऱ्या वेळी तो त्या दुकानाकडे फिरकत नाही. तक्रारही करीत नाही. व्यापाऱ्याच्या वहीत या न आलेल्या ग्राहकाची नोंद कधीच होत नाही. आणि म्हणूनच ‘आमच्याकडे असा ग्राहक येतच नाही’ हे वाक्य प्रामाणिकपणे उच्चारले जाते. येत नाही, कारण येता येत नाही.

कायद्याने या बाबतीत बराच मार्ग आखून दिलेला आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने समान संधीचा आणि अडथळामुक्त वावराचा विचार प्रथम मांडला. परंतु त्यातील सुविधांना शासनाच्या आर्थिक क्षमतेची अट जोडलेली होती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि खाजगी आस्थापनांनाही आपल्या कक्षेत घेतले. या कायद्यातील सार्वजनिक इमारतीची व्याख्या व्यापाऱ्यांनी अवश्य जाणून घ्यावी अशी आहे. सर्वसामान्य जनता जिचा वापर करते अशी शासकीय किंवा खाजगी इमारत, मग ती शिक्षणासाठी असो, व्यापारासाठी असो, धार्मिक वा सांस्कृतिक कार्यासाठी असो, सार्वजनिक इमारत ठरते. म्हणजे कापडाचे मोठे दालन, मंगल कार्यालय, रुग्णालय, धर्मशाळा या सर्वांचा त्यात अंतर्भाव होतो.

याच कायद्याच्या ४४ व्या कलमानुसार, सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्यास बांधकाम परवानगी देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. ४५ वे कलम जुन्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम्य करण्यास सांगते. ते नियम जून २०१७ मध्ये अधिसूचित झाले. कायद्याच्या भंगासाठी पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद ८९ व्या कलमात आहे. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. केंद्राच्या नियमांतील १५ वा नियम केवळ मार्गदर्शक स्वरूपाचा असल्याने तो मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे सांगून न्यायालयाने केंद्र शासनास तीन महिन्यांत बंधनकारक नियम तयार करण्याचा आदेश दिला. सुगम्यता ही ऐच्छिक बाब नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

वाहनतळापुरते सांगायचे तर इमारतविषयक नियम अगदी स्पष्ट आहेत. प्रवेशद्वाराजवळ जमिनीच्या पातळीवर अपंगांसाठी मोटारीच्या दोन जागा असाव्यात. त्या प्रवेशद्वारापासून ३० मीटरपेक्षा दूर नसाव्यात. प्रत्येक जागेची रुंदी किमान ३.६ मीटर असावी; आणि ती जागा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी राखीव असल्याचे ठळकपणे लिहिलेले असावे. महाराष्ट्रातील शहरांसाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदी आहेत, आणि ही नियमावली कोल्हापूर महानगरपालिकेलाही लागू आहे.

परंतु कागदावरील चौकट आणि जागेवरील चौकट यांत अंतर पडते. नकाशात दाखविलेल्या राखीव जागेवर काही दिवसांनी जनरेटर बसतो, फुलझाडांच्या कुंड्या येतात, सेलचा फलक उभा राहतो किंवा मालाचे खोके उतरविले जातात. काही ठिकाणी जागा मोकळी असते, पण तिच्यासमोर साखळी लावलेली असते आणि किल्ली ज्याच्याजवळ असते तो रखवालदार जेवायला गेलेला असतो. काही ठिकाणी राखीव जागा तळघरात असते; तेथून वर येणारा गाड्यांचा उतार चाकाच्या खुर्चीला झेपत नाही आणि उद्वाहनाच्या दाराशी एक पायरी असते. ती एक पायरी सगळा खर्च व्यर्थ ठरविते. वाहनतळ, वाट, उतार, दार आणि आतील गल्ली ही एकच साखळी आहे. तिची एक कडी तुटली की उरलेल्या कड्यांचा उपयोग राहत नाही.

कोल्हापूरच्या संदर्भात आणखी एका गोष्टीचा विचार आवश्यक आहे. शासकीय मापे मोटार डोळ्यांसमोर ठेवून ठरविलेली आहेत. येथील मध्यम परिस्थितीतील अपंग व्यक्ती मात्र मोटारीपेक्षा जास्त करून बाजूला दोन जादा चाके बसविलेल्या स्कूटरवरून फिरते. या स्कूटरची रुंदी साध्या दुचाकीपेक्षा बरीच अधिक असते. दुचाकींच्या दाटीवाटीच्या रांगेत ती शिरत नाही, शिरली तर निघत नाही. साधी दुचाकी मागचे चाक उचलून सरकविता येते. ही गाडी तशी सरकविता येत नाही, आणि तिच्या मालकाला ते शक्यही नसते. त्यातच रांगेत जागा मिळावी म्हणून दुसऱ्याची दुचाकी ओढून बाजूला करण्याची सवय सर्वत्र आहे. या स्कूटरला खेटून लावलेली एक दुचाकीही तिच्या मालकाची वाट अडविते. म्हणून राजारामपुरी, लक्ष्मीपुरी किंवा शाहूपुरीतील दुकानदारांनी केवळ मोटारीची चौकट आखून भागणार नाही. दुचाकींच्या रांगेच्या टोकाला, दाराच्या सर्वांत जवळ, दीड ते दोन मीटर रुंदीची एक जागा बाजूच्या चाकांच्या स्कूटरसाठी राखून ठेवणे येथे अधिक उपयोगी ठरेल. नियमाने ती मागितली नसली तरी गरजेने मागितली आहे.

जागेच्या टंचाईचा आक्षेप व्यापाऱ्यांकडून नेहमी घेतला जातो, आणि तो खोटा नाही. शहरातील जागेचे भाव पाहता एक-एक फूट मोलाचा आहे. परंतु हिशेब मांडून पाहिला तर चित्र वेगळे दिसते. दोन साध्या चौकटींना पाच मीटर रुंदी लागते. अपंगांसाठीच्या दोन चौकटी शेजारी-शेजारी घेऊन मधली १.२ मीटरची पट्टी दोघांत सामाईक ठेवली, तर २.४ अधिक १.२ अधिक २.४ असे एकूण सहा मीटर पुरतात. म्हणजे दोन गाड्यांमागे केवळ एक मीटर जादा लागते. मधल्या पट्टीवर तिरप्या रेषा मारल्या की तेथे गाडी लावायची नाही हे सर्वांना कळते. खर्च रंगाचा, एका फलकाचा आणि एका दिवसाच्या मजुरीचा.

उताराचेही गणित असेच सोपे आहे. उंचीच्या बारा पट लांबी, हा नियम. दाराशी १५ सेंटिमीटरची एक पायरी असेल तर १.८ मीटर लांबीचा उतार पुरतो. दोन पायऱ्या मिळून ३० सेंटिमीटर उंची असेल तर ३.६ मीटर लागतात. यापेक्षा तीव्र उतार केला तर तो माल चढविण्याच्या हातगाडीच्या कामी येतो, माणसाच्या नाही. उताराला दोन्ही बाजूंनी कठडा असावा, पृष्ठभाग घसरडा नसावा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात गुळगुळीत फरशीचा उतार धडधाकटालाही पाडतो. वाहनतळापासून दारापर्यंतच्या वाटेत गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने लांबट नसाव्यात, उखडलेले पेव्हर ब्लॉक वेळीच बसवावेत आणि दृष्टिहीन व्यक्तीसाठी वाट पायाला जाणवेल अशी असावी.

जुन्या बाजारपेठेतील व्यापारी यावर रास्त प्रश्न विचारतील. महाद्वार रोडवरील किंवा गुजरीतील दुकानाला स्वतःचे अंगणच नाही, तर तेथे चौकट कोठे आखायची? अशा ठिकाणी एकट्या दुकानदाराने काही साधणार नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथे शेजारच्या दुकानदारांनी एकत्र येऊन महानगरपालिका व वाहतूक पोलीस यांच्याकडे सार्वजनिक वाहनतळावर राखीव जागा मागावी. रस्त्याच्या तोंडाशी उतरण्यापुरती जागा मोकळी राहील अशी व्यवस्था करावी. आपल्या दाराची पायरी काढता येत नसेल तर उचलून ठेवता येणारी फळी तयार ठेवावी. दारावर दूरध्वनी क्रमांक लिहावा, म्हणजे ग्राहक गाडीत बसून बोलावू शकेल. ही व्यवस्था परिपूर्ण नाही. पण पूर्ण व्यवस्था होईपर्यंत काहीच न करणे हे त्याहून वाईट होय. मात्र नव्याने बांधल्या जाणाऱ्या संकुलाला ही सबब लागू होत नाही. तेथे कागदावरील रेघ हलविण्यास काही खर्च येत नाही. बांधून झालेली भिंत हलविण्यास येतो.

इतर देशांचा अनुभव या बाबतीत मार्गदर्शक आहे. अमेरिकेत जुलै १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. तेथे पंचवीस गाड्यांपर्यंतच्या छोट्या वाहनतळावरही किमान एक राखीव जागा ठेवावी लागते आणि गाड्यांची संख्या वाढेल तशी ही संख्या वाढत जाते. जगभर ओळखले जाणारे चाकाच्या खुर्चीचे निळे-पांढरे चिन्ह १९६८ मध्ये सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने रेखाटले. तिच्या मूळ आकृतीत केवळ खुर्ची दिसत होती. नंतर तिच्यावर डोक्याचे वर्तुळ जोडण्यात आले आणि खुर्चीच्या जागी खुर्चीत बसलेला माणूस दिसू लागला. हा बदल छोटा असला तरी बोधप्रद आहे. राखीव जागा खुर्चीसाठी नसते, माणसासाठी असते, ही जाणीव ज्या रखवालदाराला होते, तो तेथे मालकाच्या मित्राची गाडीही लावू देत नाही.

जैन समाजाचा या विषयाशी जुना संबंध आहे. जयपूर येथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय देशभरातील आणि परदेशांतील गरजूंपर्यंत मोफत पोहोचविला. अशा शिबिरांना समाजातील दात्यांनी मुक्तहस्ते साहाय्य केले आहे. हे कार्य थोर आहे. परंतु त्यापुढचा एक प्रश्न प्रत्येक दात्याने स्वतःला विचारण्यासारखा आहे. ज्या माणसाला शिबिरात पाय मिळाला, तो त्या पायावर चालत दात्याच्याच दुकानात येऊ शकतो काय? पाय देणारा हात आणि पायरी बांधणारा हात एकच असेल, तर दान अपुरे राहते. दान घेताना माणसाला हात पुढे करावा लागतो. मोकळी वाट असली तर तो इतर चारचौघांसारखा येतो, भाव करतो, पैसे मोजतो आणि जातो. त्याला कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. हे आभार न मानावे लागणे, हेच त्याच्या स्वाभिमानाचे रक्षण आहे.

कोल्हापूरला या विचाराचा वारसाही आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात शाळा-महाविद्यालयांची दारे खेड्यातील मुलांना बंद नव्हती; पण शहरात राहायला जागा नसेल तर ते उघडे दार काय कामाचे, हे महाराजांनी ओळखले. म्हणून १९०१ पासून या शहरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. त्यांत दिगंबर जैन बोर्डिंगही होते. संधी दिली असे नुसते म्हणून भागत नाही, त्या संधीपर्यंत पोहोचण्याची व्यवस्था करावी लागते, हा त्या वसतिगृहांचा अर्थ होता. वाहनतळावरील राखीव चौकट हे त्याच विचाराचे आजचे, लहानसे रूप आहे.

या व्याख्यानातून उत्सवाच्या उत्साहात मोठमोठे संकल्प व्हावेत अशी अपेक्षा नाही. एक काम मात्र प्रत्येक व्यापाऱ्यास करता येण्याजोगे आहे. उद्या दुकान उघडण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन अंगणात उभे राहावे. गाडी लावण्याच्या जागेची रुंदी मोजावी. तेथून दारापर्यंतचे अंतर मोजावे. वाटेतील प्रत्येक उंबरा, पायरी, खड्डा व साखळी वहीत लिहून काढावी. शक्य असेल तर चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या परिचितास सन्मानाने बोलावून त्याच्याकडूनच ती वाट तपासून घ्यावी. कारण जे धडधाकट डोळ्यांना दिसत नाही ते त्याच्या चाकांना तत्काळ जाणवते. त्यानंतर रंग, फलक आणि उतार यांचा खर्च काढावा. चौकट आखून झाल्यावर ती मोकळी ठेवण्याची जबाबदारी एका नोकराच्या नावाने लावून द्यावी, कारण आखलेली चौकट आठवड्याभरात माल उतरविण्याची जागा होण्यास वेळ लागत नाही.

हाच नियम समाजाच्या सभागृहांना, धर्मशाळांना आणि मंगल कार्यालयांनाही लागू आहे. पन्नास वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या संस्थांचे संस्थापक सदस्य आज वयोवृद्ध झाले आहेत. ज्यांनी वर्गणी गोळा करून इमारती बांधल्या, त्यांपैकी कित्येकांना त्याच इमारतींच्या पायऱ्या आज चढवत नाहीत. समारंभाला ते गाडीतून येतात आणि कोणाच्या तरी खांद्याचा आधार शोधतात. पुढील पन्नास वर्षांच्या कामांची यादी तयार होईल तेव्हा तिच्यात दाराजवळच्या दोन रुंद चौकटी आणि एक बारापट लांबीचा उतार यांची नोंद सर्वांत वर असावी, एवढीच या प्रसंगी विनंती आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, आणि ते काम पुढील चातुर्मासापूर्वी पूर्ण होण्याजोगे आहे.